पेटी निवडली तो चैत्र

कंपनीच्या पार्किंगमध्ये माझी स्कूटी कडुनिंबाखाली उभी असते. चैत्र लागला की सुट्टीच्या भोंग्याला बाहेर यावं तर सीटवर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला. सगळी फुलं झटकून होत नाहीत. काही डिकीत जातात, काही ओढणीला चिकटून शेंद्र्याहून घरापर्यंत येतात. त्या कडूगोड वासामागून मला हमखास दुसरा एक वास येतो, गंधकाचा आणि जळक्या कागदाचा. बाकीच्या बायकांना चैत्रात कैऱ्या आठवतात, लोणच्याच्या बरण्या आठवतात. मला नळ्या, गोळे आणि वाती आठवतात. आमच्या घरात चैत्र म्हणजे यात्रांचा हंगाम, आणि यात्रा म्हणजे दारूकाम, शोभेची दारू उडवायचं काम.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, देवगाव रंगारीच्या पुढच्या एका गावचे. घरात मेंढरं होती. अण्णांच्या ओठावर मिसरूड फुटायच्या आत एका दुष्काळात ती विकावी लागली. अण्णा काठी आणि घोंगडी घेऊन शहरात आले आणि जुन्या वस्तीतल्या एका उस्तादांकडे आतषबाजीच्या कामाला लागले. उस्ताद गेले तेव्हा त्यांचा मुलगा रफिकभाई आणि अण्णा या दोघांनी मिळून काम पुढे चालवलं. परवाना दोघांच्या नावावर, भांडण रोजचं, आणि जेवण एका डब्यात. रफिकभाई जमिनीत नळ्या रोवायचे, त्यात गोळे उतरवायचे, वाती सोडायचे. पेटवायचे मात्र अण्णाच. लांब वेताच्या टोकाला धुमसणारी वळलेली चिंधी, तिला ते पलिता म्हणत. पलिता घेऊन अण्णा नळ्यांच्या रांगेतून वाकून पळायचे, आणि त्यांच्यामागे एकेक गोळा आभाळात निघायचा.

मला आठवतो तो चैत्र सलग दुष्काळाच्या वर्षांतला. आमच्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. नळाला पाणी कधी येईल याचा अंदाज बांधण्यात गल्लीतल्या बायकांचा दिवस जाई. आणि त्याच दिवसांत शहर असं काही पसरत होतं की विचारू नका. करमाडपर्यंत प्लॉटिंगच्या कमानी उभ्या राहिल्या. बायपासला मंगल कार्यालयांची रांग लागली, त्यांना ‘लॉन’ म्हणायची पद्धत नुकतीच आली होती. लॉनमधलं गवत प्लास्टिकचं, कारंजं कोरडं, पण नवरदेव आला की फुलबाज्यांचा धबधबा मात्र पाहिजेच. गावाकडच्या यात्रा आटत चालल्या होत्या आणि शहरातली कामं वाढत होती. आम्ही दोन्हीकडे जायचो. सकाळी टँकरमागे हंडा घेऊन पळायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी शोरूमच्या उद्घाटनाला आभाळ सजवायचं, यात आम्हाला काही विचित्र वाटायचं नाही. मजाच वाटायची.

आदल्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली होती. एका यात्रेत अण्णा नळ्यांच्या रांगेत पाय अडखळून पडले. गुडघ्यावर आपटले. शेजारच्या नळीची वात पेटलेली होती. रफिकभाईंनी त्यांना बखोटीला धरून ओढलं आणि तेवढ्यात गोळा निघाला. अण्णांना कुठं भाजलं नाही, पण गुडघा कायमचा बिघडला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पळता येणार नाही. आई म्हणाली, मग बास झालं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागले होते. मी म्हणाले, अण्णा, आता विजेनं गोळे उडवायची यंत्रं येतात, प्रत्येक वातीला एक विजेची काडी बांधायची, वायर लांब न्यायची आणि तिकडून बटण दाबायचं. मोठ्या शहरांतले लोक आता असंच करतात.

“आन् मग मी काय करायचं?” अण्णा म्हणाले. “बटनं दाबायला तर कोनी बी चालतंय. त्याला अण्णा कशाला पायजे?”

आमचा सगळा प्रश्न या एका वाक्यात होता. मला अण्णा जिवंत आणि धड हवे होते. अण्णांना अण्णाच राहायचं होतं. वर्षभर आमच्या घरात या दोन गोष्टी एकमेकींसमोर मांडी घालून बसल्या होत्या.

फाल्गुन संपता संपता, ज्या गावच्या यात्रेत आम्ही दरवर्षी दारू उडवायचो, तिथले पाटील आले. यात्रेचा सगळा कारभार त्यांच्याकडे. उंच, काटकुळे, आवाज मात्र असा की शेजारच्या घरातला माणूस ‘ओ’ देईल. “अण्णा, औंदा तळ्यात थेंब नाय,” ते म्हणाले, “पर देवीची दारू व्हनारच. दुष्काळ पडला म्हनून देवीनं अंधारात बसायचं व्हय? फकस्त एक हाय. गावाभोवती कडब्याच्या गंज्या हायत. ठिणगी पडली तर गुरं उपाशी मरतील. म्हनून दुसऱ्या कोनाच्या हाती मी हे काम देनार नाय. तुमी याल तर दारू व्हईल, नायतर आमच्या गावची दारू बंद झाली असं समजा.”

पाटील गेल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. अण्णा कुणाकडेच बघत नव्हते. मग हळूच म्हणाले, “नंदा, तुझी ती मशीन आन बरं. बघू तर दे.”

पहिली मशीन मी स्वतःच केली. नवा डिप्लोमा डोक्यात चढलेला होता. लाकडी फळी, त्यावर बटणांची रांग, खाली स्कूटरची बॅटरी. वायर नीट जोडली आहे का हे बघायला मी एक दिवाही लावला, तोही स्कूटरचाच, वळताना लुकलुकतो तो. दिवा लागला की समजायचं जोडणी ठीक. गच्चीवर प्रयोग मांडला. आईनं शेजारीच कुरडया वाळत घातल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, “आता मी फक्त तपासणार आहे, काही उडणार नाही,” आणि तपासलं. दिवा लागला आणि काडीही पेटली. त्या दिव्यातून जाणारी वीज काडी पेटवायला पुरेशी होती, हे नापास होणाऱ्या पोरालाही कळलं असतं, मला नाही कळलं. काडी टाचणीएवढी, पण उडाली ती थेट कुरडयांत. आईनं जे म्हणायचं ते म्हटलं. अण्णा मात्र गुडघा धरून इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. काळा डाग पडलेली ती कुरडई त्यांनी हट्टानं स्वतःसाठी तळून घेतली.

दुसरी मशीन रफिकभाईंनी आणली. हातात मावेल एवढा रिमोट, वायर नाही, काही नाही. “देखो भाऊ, जमाना कहाँ गया!” रफिकभाई म्हणाले. “इधर दबाया, उधर उड्या. कायकू वायर खींचते बैठना?” बायपासच्या एका लॉनमध्ये लग्नाचं काम होतं, तिथंच लावून बघायचं ठरलं. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना आम्ही फुलबाज्यांचे झरे मांडले. गळ्यात हार पडले की बटण दाबायचं. लग्नाला अजून अर्धा तास होता. मुलीचे काका माइकवरून सांगत होते, “कुणाची तरी पांढरी गाडी गेटात आडवी लागलेली आहे, ती कृपया...” आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी सहाच्या सहा झरे फुसांडत वर गेले. काकांनी वाक्य माइकवरच पुरं केलं, “...ती लवकर काढावी.”

मी रिमोटला हातसुद्धा लावला नव्हता. शेजारच्या लॉनमध्ये दुसरं लग्न होतं, तिथल्या डेकोरेशनवाल्याकडे अगदी तसलाच रिमोट होता आणि त्याच्या नवरदेवाच्या गळ्यात नुकताच हार पडला होता. खात्री करून घ्यावी म्हणून मी आमचं बटण दाबलं. भिंतीपलीकडून एक मोठा ‘ओऽऽ’ आला आणि धूर वर आला. आम्ही तिघांनी मिळून परक्याचं लग्न साजरं केलं होतं आणि परक्यानं आमचं. रफिकभाईंनी रिमोट खिशात घातला तो पुन्हा बाहेर काढला नाही. घरी येताना अण्णा टेम्पोत म्हणाले, “कोनी बी हाक मारली की तिकडं जानारं मेंढरू आपल्या कळपात नको.”

तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं, अण्णा मशीन कशी पारखताहेत ते. मी जाहिरातीतले आकडे वाचत होते आणि ते मेंढरू पारखत होते. लहानपणी बाजारात मेंढा घ्यायचा तर त्यांचे वडील काय करायचे हे आम्ही हजारदा ऐकलं होतं. दात बघायचे, कान ओढून बघायचा, आणि मग त्याला उन्हात उभा करून स्वतः सावलीत बसायचं. जो मेंढा उन्हात अंग टाकत नाही, अनोळखी गर्दीत बिथरत नाही आणि धन्याशिवाय दुसऱ्याच्या मागे जात नाही, तो घ्यायचा. आज मी कंपनीत पॅनेल तपासते, माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. नवा माल आला की मी त्याला आधी दुपारच्या उन्हात ठेवायला लावते. पोरं हसतात, पण ठेवतात.

तिसऱ्या खेपेला आम्ही एसटीनं पुण्याला गेलो, अण्णा, रफिकभाई आणि मी. तिथल्या दुकानदारानं एक भारी यंत्र दाखवलं, लॅपटॉपवर चालणारं. गाणं लावायचं आणि गाण्याच्या तालावर गोळे आपोआप सुटत राहणार. रफिकभाईंचे डोळे चमकले, माझेही. अण्णांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “जरा भाईर उन्हात ठिवू का?”

“काका, ते यंत्र आहे, वाळवण नाही,” दुकानदार म्हणाला.

“आमच्याकडं यात्रा उन्हातच आसती,” अण्णा म्हणाले. “दुपारपास्नं मांडावं लागतं. तवा ते घाबरलं तर?”

दुकानदार तसा भला माणूस. त्यानं ठेवू दिलं. दुकानाच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी पडली होती, धूळ खात. अण्णांनी तीही उचलून आणली आणि फुटपाथवर शेजारी ठेवली. तिला बत्तीस बटणं, प्रत्येक बटणावर मोहरीएवढा लाल दिवा, आणि एका बाजूला किल्लीचं भोक. आम्ही चौघं सावलीत उकिडवे बसलो आणि चहा प्यायलो. पुण्याची माणसं वळून वळून बघत होती. पाऊण तासात लॅपटॉपच्या पडद्यावर आपलंच तोंड दिसायला लागलं, मग आतला पंखा किंचाळला आणि यंत्र बंद पडलं. पेटी इतकी तापली होती की हात लावला तर चटका बसे. पण वायर जोडली की दिवे लागत होते, न चुकता.

मी ते दिवे नीट तपासले. कुरडयांचा धडा ताजा होता. या दिव्यांतून जाणारी वीज इतकी बारीक होती की काडीला पत्ताही लागू नये. मग अण्णांनी पेटी मांडीवर घेतली. वायर ओढून बघितली, कान ओढतात तशी. किल्ली न लावता बटणं दाबली, एकदा, दहादा, सगळी एकदम. काही झालं नाही. किल्ली लावली, एक बटण दाबलं, आणि समोर ठेवलेली काडी फट्‌कन पेटली. किल्ली काढली आणि पुन्हा दाबलं, काही नाही. अण्णांनी किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली.

“ही माझ्या खिशात हाय तवर कोनीबी काय बी दाबलं तरी गोळा उठायचा नाय. खरं का?”

“खरं,” मी म्हणाले.

“मग हिलाच न्यायची.”

“हौ, सही है,” रफिकभाई म्हणाले. “ये लगती अपने जैसी. पुरानी बी है और गरम बी होती.”

मशीन निवडली म्हणजे भांडण संपलं, असं मला वाटलं होतं. पण यात्रेच्या आदल्या सकाळी अण्णा अंगणात पलिता वळत बसले होते. चिंधी, मग सुतळी, मग पुन्हा चिंधी, रीतीप्रमाणे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “राहू दे जवळ. काय बिनसलं तर?” मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, “अण्णा, पेटी बिघडली तर बिघडली, दारू होणार नाही, पण तुम्ही नळ्यांत जायचं नाही. गेलात तर मी तिथंच येऊन उभी राहीन तुमच्याशेजारी.” अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी खरंच उभी राहीन हे त्यांना दिसलं असावं. पलिता त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि हात धुवायला गेले. गाडीत बसेपर्यंत बापलेक एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाव गाठलं तेव्हा ऊन ऐन भरात होतं. तळं खरोखरच कोरडं होतं, या काठापासून त्या काठापर्यंत नुसती भेगाळलेली माती. पाणी असतं तेव्हा बांधाखालच्या मैदानात दारू उडवायचे. यंदा पाटलांनी तळ्याचा मधोमध दाखवला. गवताची काडी नाही, गंज्या लांब. दुष्काळानं आम्हाला एवढं मोकळं, एवढं बिनधोक मैदान कधी दिलं नव्हतं. रफिकभाई नळ्या रोवायला लागले, मी काड्या बांधायला लागले, आणि अण्णा बांधावरून ओरडून ओरडून दोघांच्याही चुका काढायला लागले. त्यांचा आवाज लागला म्हणून मला जरा बरं वाटलं.

त्या गावची एक रीत आहे. दारू उडवायच्या आधी घरटी एक घागर पाणी नळ्यांभोवती ओतायचं, ठिणगी विझावी म्हणून, आणि आपल्या घराचाही त्यात हात लागावा म्हणून. दिवस कलला तशा बायका बांध उतरून यायला लागल्या. डोक्यावर घागर नव्हती, हातात तांब्या होता. टँकरचं पाणी, दोन दिवसांचं पुरवून वापरलेलं, त्यातलं तांब्याभर. पाटील म्हणाले, “म्या म्हनलं होतं, औंदा नको. ऐकतंय कोन?” अण्णा लंगडत पुढे आले. पहिल्या म्हातारीचा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, “आज्जे, तळ्यात धूळ हाय, ती काय पेटती? हे देवीला पावलं. आता गुराच्या हौदात ओता.” मग अख्खी रांग वळली, बांध चढून हौदाकडे गेली, आणि एकेक तांब्या हौदात रिकामा होऊ लागला. गुरं पुढं सरकून पाणी प्यायला लागली तशा बायका हसायला लागल्या. कुणीतरी गाणं धरलं. मी त्या तळ्यात काड्या बांधत होते आणि मला इतका आनंद झाला होता की दोन गाठी पुन्हा सोडून बांधाव्या लागल्या.

दिवेलागणीला पालखी बांधावर आली. नळ्यांपासून भरपूर लांब, बांधाच्या उतारावर आम्ही अण्णांसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मांडीवर पेटी. मी शेजारी उभी. रफिकभाई खाली तळ्याच्या कडेला वाळूच्या बादल्या घेऊन. मी दिवे तपासले, बत्तीसच्या बत्तीस लाल. पाटलांनी हात वर केला. अण्णांनी बंडीतून किल्ली काढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि ती फिरवली.

पहिलं बटण दाबलं. तळ्यातून गोळा निघाला आणि बांधावरची गर्दी ओरडली. अण्णा खाली मान घालून पुढच्या बटणावर बोट ठेवून बसले होते. चाळीस वर्षांची सवय. गोळा नळीतून निघाला की त्याचं वर काय होतं ते पेटवणाऱ्यानं बघायचं नसतं, पुढची वात बघायची असते. डोळे खाली, हात वातीवर आडवा, ठिणगी पडू नये म्हणून. वर लाल फुटलं की हिरवं, हे अण्णांना जमिनीवर पडलेल्या उजेडावरून कळायचं. दुसरं बटण. तिसरं. चौथं. हात अगदी मोजून चालला होता, पळत असताना चालायचा तसाच. मला वाटलं, झालं, निभावलं.

पाचवा गोळा मोठा होता, सोनेरी झावळ्या सोडणारा. रफिकभाईंनी स्वतः भरलेला. तो फुटला, आणि सहावा निघालाच नाही.

झावळ्या लांबत खाली येत होत्या आणि त्यांच्यामागे काहीच नव्हतं. बांधावर कुजबुज झाली. खालून रफिकभाई ओरडले, “क्या हुआ?” पाटील धोतर सावरत धावत आले, “काय बिघडलं का, पोरी?” मी वाकून पेटीकडे बघितलं. सहाव्या बटणाचा दिवा लाल होता. जोडणी ठीक होती. अण्णांचं बोट बटणावरच होतं. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

अण्णांनी मान इतकी मागे टाकली होती की टोपी खुर्चीमागे पडली होती. तोंड उघडं होतं. सोनेरी उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांवरून उतरत होता.

“अण्णा,” मी हळूच म्हणाले. “बटण.”

“थांब गं जरा,” अण्णा वर बघत म्हणाले. “खाली येऊ दे की ते समदं. बघू दे मला बी.”